कर्ण्यावरचं बोलावणं

सोमशेखरकाका दर रविवारी चर्चला येतात. फक्त आत येत नाहीत.

सकाळी त्यांची स्कूटर फाटकाशी थांबते. मागून रंभामावशी उतरते. "हळू जा, पायरी हाय," असं काका तिला सांगतात. पायरी चर्च बांधल्यापासून तिथंच आहे आणि मावशी लग्न होऊन आल्यापासून ती चढते आहे, पण सांगायचं काम काकांनी सोडलेलं नाही. मावशी आत जाते. काका दुभाजकाला वळसा घालून रस्ता ओलांडतात आणि समोर मायाक्काच्या चहाच्या टपरीवर, लिंबाखालच्या बाकावर बसतात. उपासना संपली की पुन्हा फाटकाशी.

चर्चची साउंड सिस्टीम माझ्याकडे आहे. मी रंभामावशीचा भाचा, इंद्रजीत. छपरावर एक जुना कर्णा आहे. तो साफ करायला मी एकदा वर चढलो आणि उतरलो तेव्हा त्याचं तोंड बरोबर मायाक्काच्या टपरीकडे झालेलं होतं. हे कसं झालं ते मला आजही सांगता येत नाही. तेव्हापासून काकांना सगळी उपासना बाकावर ऐकू येते. ते गाणी म्हणतात, प्रार्थनेला टोपी काढतात, आणि प्रार्थना संपली की रस्त्यापलीकडून त्यांचं 'आमेन' येतं. आमच्यापेक्षा जरा उशिरा येतं, कारण मध्ये एसटी असते. मायाक्का अक्कलकोटची, स्वामींची भक्त. पण आता तिलाही आमची बरीच गाणी पाठ झालीत. कितव्या कडव्याला दूध उतू जातं हे तिला माहीत आहे.

हजेरीचाच हिशोब केला तर काका मंडळीच्या निम्म्या पंचांपेक्षा पुढं आहेत.

ते बाहेर का बसतात, हे सगळ्या मंडळीला माहीत आहे. ज्यांना माहीत असायला हवं त्या दानेश्वरीबाई सोडून.

काका चादरीच्या कारखान्यात होते, पण नाताळच्या प्रीतिभोजनाचं मटण त्यांच्याशिवाय कुणी शिजवत नसे. असंच एका नाताळला जेवणं उरकली आणि मंडळीच्या सेक्रेटरी दानेश्वरीबाई आभार मानायला माइकवर आल्या. बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी मांडववाल्याचे आभार मानले. गॅसवाल्याचे मानले. पाण्याच्या टँकरच्या ड्रायव्हरचे मानले. मग हवामानाचे मानले. काका दाराआड उभे होते. हात धुतलेले, अंगात इस्त्रीचा शर्ट, नाव आलं की पुढं व्हायच्या तयारीत. हवामानानंतर बाई म्हणाल्या, "आता आपण प्रार्थना करू या." काकांनी मागं जाऊन डाव पातेल्यावर आडवा ठेवला आणि रस्ता ओलांडला.

तेव्हापासून नाताळला केटरर येतो. पनीर असतं. मंडळीनं बरंच सोसलं आहे.

यंदा मात्र गोष्ट अडली. फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी आमच्याकडे कुटुंब रविवार असतो. लग्नाला पन्नास वर्षं झालेल्या जोडप्याला त्या दिवशी वेदीपुढं बोलावून आशीर्वाद देतात आणि त्यांचा फोटो चर्चच्या भिंतीवर लागतो. यंदा असं एकच जोडपं होतं. मावशी आणि काका. मावशीनं साडीला फॉल लावून ठेवला होता.

"जोडीनं उभं राहायचं असतंय," ती मला म्हणाली. "एकटीच उभी राहिले तर लोकांना वाटंल, गेले की काय हे."

"मग काकांना सांग ना, आत चला म्हणून."

"मी कशाला सांगू? मी रोजच सांगते, जेवायला या, औषध घ्या, नळ आलाय. त्यात कसला मान हाय? मंडळीनं बोलवायला पाहिजे."

त्यातून या लग्नाची मुळात एक भानगड आहे. आमच्याकडे लग्नात नवरानवरीला एकमेकांचं नाव घेऊन वचन द्यावं लागतं. मावशी खेड्यातली, नवऱ्याचं नाव तोंडातून काढणं तिच्या घरात कुणाला माहीत नव्हतं. त्या वेळच्या पाद्रीसाहेबांनी सांगितलं, म्हण, मी रंभा, तुला सोमशेखरला. मावशी म्हणाली, "मी रंभा, ह्यांना." पाद्रीसाहेब म्हणाले, नाव घे बाळ. मावशी म्हणाली, "ह्यांचंच." असं बराच वेळ चाललं. ऊन वाढत होतं, मागं भात निवत होता. शेवटी पाद्रीसाहेबांनी 'ह्यांना'वरच लग्न लावून टाकलं.

तेव्हापासून काका म्हणतात, आपलं लग्न अर्धंच लागलंय. आणि मावशी म्हणते, मग अर्धीच भाकरी वाढते.

आमचे पाळक उदयसिंहसाहेब तरुण आहेत, नातेपुत्याचे. त्यांनी ठरवलं की कुटुंब रविवारी उपदेश करायचा तो शास्त्रातल्या प्रेमगीतांवर. ती गीतं तिथं आहेत हे मंडळीत सगळ्यांना माहीत असतं, पण ते पान उघडताना माणूस आधी मागं बघतो. साहजिकच पंचांची सभा बोलावली गेली. दानेश्वरीबाई लाल पेन घेऊन आल्या.

"वाचायला माझी काहीच हरकत नाही," बाई म्हणाल्या. "फक्त कुठले अवयव वाचायचे, ते आधी ठरवून घेऊ."

मग अवयव एकेक करून सभेपुढं आले. डोळे मंजूर झाले. केसांना शेळ्यांच्या कळपाची उपमा होती. वीरभद्रप्पा नावाच्या पंचांचा शेळीपालनाचाच धंदा, त्यामुळे केस टाळ्यांच्या गजरात मंजूर झाले. गालाला डाळिंबाची उपमा होती, आणि डाळिंबाला हरकत घेऊन सोलापूर जिल्ह्यात राहणार कुठं? मानेला बुरुजाची उपमा होती. मानेवर मतदान झालं. मान थोडक्यात वाचली. मानेच्या खालचा विषय पुढच्या सभेपर्यंत तहकूब झाला.

"बाई, हे देवाचं वचन आहे," पाळकसाहेब हळूच म्हणाले.

"असू दे की. देवाला मुलींची शाळा चालवायची नव्हती."

"मला खरं तर अवयव नकोच आहेत," पाळकसाहेब म्हणाले. "मला त्यातलं बोलावणं पाहिजे. तो डोंगरावरून उड्या मारत येतो. तिच्या घराच्या भिंतीशी उभा राहतो, खिडकीच्या जाळीतून आत बघतो आणि म्हणतो, ऊठ, बाहेर ये, थंडी संपली. आपला देव असाच आहे, बघा. तो निरोप पाठवत नाही. स्वतः भिंतीशी येतो."

"थंडी संपली म्हणून बाहेर ये?" वीरभद्रप्पांनी विचारलं. "सोलापुरात थंडी संपली म्हटल्यावर माणूस आत पळतो, साहेब."

पाळकसाहेबांनी कागदावर काहीतरी खोडलं. सभा पुढं सरकली. वाचन कुणी करायचं, यावर बाईंनी सुचवलं की वयस्कर बाईनं करावं, म्हणजे ऐकणाऱ्याच्या मनात भलतंसलतं येणार नाही. सगळ्यांनी एकमतानं रंभामावशीचं नाव घेतलं. हा मान होता की अपमान, हे मावशीला अजून ठरवता आलेलं नाही.

साउंडवाला म्हणून मीही सभेला होतो, मी हात वर केला. "आणि काकांना कोण बोलावणार?"

सभेनं जबाबदारी घेतली. पहिलं बोलावणं मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेलं, फुलांच्या चित्रासकट. काकांनी ते मला वाचून दाखवलं आणि म्हणाले, "ग्रुपवर बोलावलंय न्हवं? मग ग्रुपनं जावं."

दुसरं बोलावणं छापील कार्डावर आलं. सहकुटुंब सहपरिवार यावे. काकांनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं. "ह्यात परिवाराला बोलावलंय. परिवार दर रविवारी जातोच की."

तिसऱ्या वेळी पाच पंच चादर घेऊन घरी गेले. चादर सोलापुरी, मोरांची. काका चादरीच्या कारखान्यात आयुष्य काढलेला माणूस. त्यांनी काठ चिमटीत धरला आणि ती कुठल्या गल्लीत विणली ते सांगितलं. मग पंचांना बसवून शेंगापोळी वाढली, वर तूप सोडलं, आणि निघताना प्रत्येकाच्या हातात टॉवेल-टोपी ठेवली. पंच एक चादर घेऊन गेले होते, पाच टॉवेल आणि पाच टोप्या घेऊन परतले. येताय का, हे विचारायचं राहून गेलं.

"बाई," मी शेवटी दानेश्वरीबाईंना सांगून टाकलं, "काकांना काही नको आहे. तुम्ही त्या नाताळला सगळ्यांची नावं घेतलीत, त्यांचं राहिलं. त्याच माइकवर त्यांचं नाव घ्या, येतील ते."

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मी नाव विसरले? मी? इंद्रजीत, मी शाळेत डोळे मिटून हजेरी घ्यायचे."

"तेच तर."

बाईंनी लाल पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

शनिवारी संध्याकाळी चर्चमध्ये वाचनाची तालीम झाली. मावशी माइकपुढं उभी राहिली आणि वाचता वाचता जाळीपाशी थांबली. आमच्या चर्चच्या खिडक्यांनाही जाळी आहे, आणि एका खिडकीतून नेमकी मायाक्काची टपरी दिसते.

"हितं उलटंच हाय की," मावशी म्हणाली. "ह्यातला निदान जाळीशी येऊन हाका मारतोय. आमचे तितं बसून चहा पितात."

पाळकसाहेब हसले.

"साहेब, तो तिला नावानं हाक मारतो का?"

"नाही, मावशी. सखी म्हणतो, सुंदरी म्हणतो."

"आन् ती?"

"तीही त्याचं नाव घेत नाही. माझा तो, माझा तो, असंच चाललेलं असतं."

"बघ," मावशी माझ्याकडे वळून म्हणाली. "चांगल्या घरची हाय."

"पण देव नाव घेतो, मावशी," पाळकसाहेब म्हणाले. "दुसऱ्या ठिकाणी सांगितलंय तसं. तो माणसाला त्याच्या नावानं हाक मारतो. घाऊक बोलावत नाही."

मावशीनं पुस्तक मिटलं. खिडकीबाहेर टपरीवर शनिवारी काका नसतात, पण ती बराच वेळ तिकडे बघत होती. घरी जाताना रिक्षात एकदाच बोलली, "पन्नास वर्षांत जीभ झडली नसती म्हणा."

रविवारी चर्च भरलं. मावशी नवी साडी नेसून आली. फाटकाशी काका म्हणाले, "हळू जा, पायरी हाय," आणि गेले रस्ता ओलांडून. मी साउंडच्या टेबलाशी बसलो. टेबल खिडकीला लागून आहे, त्यामुळे माझा एक डोळा वेदीवर आणि एक टपरीवर. काकांच्या बाकावर शेजारी खाकी शर्टातला एक रिक्षावाला बशीत चहा ओतून पीत होता. मी कर्ण्याचा आवाज जरा वाढवला. जरा म्हणजे, लिंबावरचे कावळे उडाले.

मावशीनं वाचायला सुरुवात केली. डोळे झाले, केस झाले, वीरभद्रप्पांनी मान डोलावली. डाळिंब झालं. मान सुखरूप पार पडली. मग तो डोंगरावरून उड्या मारत आला, भिंतीशी उभा राहिला, जाळीतून बघू लागला. त्यानं म्हटलं, ऊठ आणि ये.

इथं मावशी थांबली.

पान संपलं नव्हतं. मला वाटलं माइक गेला, म्हणून मी एक बटण दाबलं, आणि त्यानं आवाज आणखी वाढला. मावशीनं चष्मा काढला. पुढच्या बाकावरच्या बायकांत कुजबुज झाली. एक म्हणाली, "उखाणा घेणार वाटतं."

"उखाणा न्हाय," मावशी माइकवर म्हणाली. "उखाण्यात नाव लपवून घ्यायचं असतंय. मी सरळ घेते. देव घेतो म्हणे, मग मला कसली लाज? मी रंभा." तिनं माइकची दांडी धरली, ती खरखरही कर्ण्यावरून सगळ्या रस्त्याला ऐकू गेली. "मी रंभा. सोमशेखर, उठा. आत या."

चर्चमध्ये टाचणी पडली असती तरी ती माझ्या माइकनं उचलली असती.

मी खिडकीतून पाहिलं. काका बाकावर ताठ झाले होते. हातातला कप वरही जाईना, खालीही येईना. उठावं असं त्यांच्या गुडघ्यांना वाटत होतं, पण चेहऱ्याला अजून वाटत नव्हतं. इतकी वर्षं बाहेर बसलेला माणूस एका हाकेत उठला तर इतक्या वर्षांचं काय करायचं, असा काहीतरी तो चेहरा होता.

"होग्री, काका, होग्री," मायाक्का कानडीत त्यांना 'जा' म्हणून सांगत होती, आणि हातानं ढकलतही होती.

काका उठले नाहीत. शेजारचा रिक्षावाला उठला.

त्यानं बशी ठेवली, तोंड पुसलं, कर्ण्याकडे पाहिलं, स्वतःच्या छातीवर बोट ठेवून मायाक्काला काहीतरी विचारलं आणि निघाला. रस्ता ओलांडला, फाटकातून आला, चपला काढल्या आणि चर्चच्या दारात उभा राहिला.

"नमस्कार," तो म्हणाला. "मी सोमशेखर. कुणी बोलावलं?"

मंडळी त्याच्याकडे बघत राहिली. तो मंडळीकडे. पाळकसाहेबांनी आजवर लोकांना बोलावण्याचे बरेच उपदेश केले असतील, पण कुणी असं लगेच आलेलं त्यांनाही नवीन होतं.

आणि तेवढ्यात बाहेरून आरोळी आली. "ए! ए भाऊ! ते मला हाय! मला बोलावलंय ते!"

काका निघाले होते. दुभाजकाला वळसा घालायला वेळ नव्हता. सत्तरीपलीकडचा माणूस, दोन्ही गुडघ्यांना पट्टे, त्यानं धोतर एका हातात धरलं आणि दुभाजकावरून उडी मारली. शास्त्रातला तो डोंगरावरून हरणासारखा येतो. काका दुभाजकावरून काकांसारखे आले. एसटीच्या ड्रायव्हरनं ब्रेक मारला आणि खिडकीतून डोकं काढून जे बोलला, ते पंचांनी कुठल्याच सभेत मंजूर केलं नसतं.

काका दारात पोचले, धापा टाकत. "तुम्ही कसे काय आत आलात?" त्यांनी रिक्षावाल्याला विचारलं.

"नाव माझंबी सोमशेखरच हाय की. कर्ण्यावर हाक ऐकली. म्हटलं, कुणाला तरी नड असंल."

"पण ती माझी बायको हाय."

"ते मला हितं आल्यावर कळलं."

"दोघंबी या आत," मावशी माइकवरून म्हणाली. "वेदीपाशी मात्र एकच."

काका मधल्या वाटेनं चालत गेले. दोन्ही बाजूंनी लोक बघत होते आणि ते कुणाकडेच बघत नव्हते, फक्त मावशीकडे. तिच्याजवळ पोचल्यावर त्यांनी टोपी काढली आणि तिच्या हातात दिली, का कुणास ठाऊक. तिनं ती पदरानं झटकली.

"एवढ्या जोरात घ्यायचं व्हय नाव?" काका हळू म्हणाले. माइक चालू होता.

"मग? पन्नास वर्षांचं एकदम घेतलं."

काका पाळकसाहेबांकडे वळले. "साहेब, आता लग्न पुरं लागलं का?"

"लागलं," पाळकसाहेब म्हणाले.

दानेश्वरीबाई पहिल्या बाकावरून उभ्या राहिल्या. "मग नियमानं आज पहिलाच दिवस धरावा लागेल. पन्नास वर्षांचा फोटो भिंतीवर आत्ता लावता येणार नाही."

कुणीतरी मागून म्हणालं, "बाई, बसा." मंडळीच्या इतिहासात बाईंना हे पहिल्यांदाच कुणी म्हटलं, आणि बाई बसल्या.

पाळकसाहेबांनी उपदेशाची पानं लिहून आणली होती, जाडजूड होती. त्यांनी ती बाजूला ठेवली. "मी सांगणार होतो की देव आपल्याला कसा बोलावतो," ते म्हणाले. "तो कार्ड छापत नाही. सहपरिवार म्हणत नाही. भिंतीशी येऊन एकेकाचं नाव घेतो. एवढंच होतं, आणि ते मावशींनी सांगून टाकलं." मग दाराशी चुळबुळत उभ्या असलेल्या रिक्षावाल्याकडे बघून म्हणाले, "आणि ती हाक रस्त्यावर ज्याला आपली वाटेल, त्याची असते. बसा, भाऊ. तुम्हालाही बोलावलंच आहे." रिक्षावाला वीरभद्रप्पांशेजारी बसला. त्याच्याकडे गाण्याचं पुस्तक नव्हतं, वीरभद्रप्पांनी आपलं अर्धं पुढं केलं.

मी गमतीत जगणारा माणूस आहे, मला असल्या वेळी हसू येतं. आलं नाही. मला एवढंच सुचत होतं की जाळीच्या आत कोण आणि बाहेर कोण, हे इतके दिवस आम्ही चुकीचं धरलं होतं. काकांना आत बोलवायला आम्ही पंच पाठवत होतो, आणि देव बहुतेक त्या बाकावर काकांच्या शेजारी बसूनच होता, 'आमेन'ला उशीर करत.

आशीर्वाद झाला, हार झाले, फोटो निघाला. शेवटी दानेश्वरीबाई आभार मानायला आल्या. सजावटवाल्यांचे मानले, केटररचे मानले. हवामानापाशी आल्या आणि थांबल्या.

"एक नाव माझ्याकडून राहिलं होतं," बाई म्हणाल्या. "त्या नाताळच्या मटणाबद्दल. सोमशेखर यांचे आभार."

दोन्ही सोमशेखर उभे राहिले. टाळ्या दोघांनाही पडल्या. रिक्षावाल्यानं त्या नम्रपणे घेतल्या.

मागच्या आवारात केटररनं पातेली उघडली होती. काकांनी एका पातेल्यात डोकावलं, वास घेतला, आणि शर्टाच्या बाह्या वर केल्या. पुढचा अर्धा तास केटरर बाजूला उभा होता, रिक्षावाला सोमशेखर कांदा चिरत होता आणि पनीरचं काय झालं ते मला सांगता येणार नाही, पण लोकांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

सोमवारी मी शिडी लावून कर्ण्याचं तोंड पुन्हा आवाराकडे फिरवायला निघालो. मायाक्का पातेलं घेऊन रस्त्यापलीकडून ओरडली, "ए इंद्या, हात लावू नको! दूध उतू जातंय मग!" म्हणून कर्णा आहे तसाच आहे. आता त्यावरून अधूनमधून कोण कोण आत येतं, आम्ही विचारत नाही.

पुढच्या रविवारी स्कूटर फाटकाशी थांबली आणि या वेळी दोघंही आत निघाले. बऱ्याच वर्षांत सवय नव्हती, काका ठेचकाळले.

"हळू," मावशी म्हणाली. "पायरी हाय, सोमशेखर."